पहिल्या अक्षरांवरून अर्थ? हा तक्ता वहीतून खोडा

सांगलीतल्या पालकांच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: इंग्रजी शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं ओळखा, अर्थ आपोआप कळतो, डिक्शनरी लागत नाही. खाली तक्ता. ‘इन’ म्हणजे नाही, ‘अन’ म्हणजे उलट, ‘ग्ल’ म्हणजे उजेड, ‘पेड’ म्हणजे पाय. मुलं तो वहीत उतरवून घेताहेत, म्हणून हे लिहितोय.

‘इन’ म्हणजे नाही? मिरज रस्त्यावर पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं दिसतं. तक्त्याप्रमाणे अर्थ होईल न पेटणारं. खरा अर्थ आहे भडकन पेट घेणारं! लॅटिनमध्ये ‘आत’ सांगणारा ‘इन’ वेगळा आणि ‘नाही’ म्हणणारा वेगळा. दिसायला मात्र सारखेच. हा घोळ जिवावर बेतू नये म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी १९२०च्या दशकात नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहा असा आग्रह धरला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. आणि ‘इन’ खरोखर नकाराचा असला तरी तक्ता फसतोच. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अमूल्य. ‘इनफेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध.

‘अन’ म्हणजे उलट? मग ‘अंकल’ आणि ‘अंडर’ कशाच्या उलट? ‘युनिफॉर्म’ही इंग्रजीत त्याच ‘यू-एन’ या दोन अक्षरांनी सुरू होतो, पण तिथला ‘युनि’ म्हणजे एक.

‘ग्ल’मध्ये मात्र तथ्य आहे, ते नाकारणार नाही. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, सगळे चमकणारे. अशा ध्वनिगटांना ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये ‘फोनस्थीम’ हे नाव दिलं. आपल्याकडेही चमकणं, चकाकणं, चकचकीत आहेच की. पण म्हणून चटणी आणि चप्पल उजेड पाडत नाहीत, तसंच ग्लू आणि ग्लोव्हचं. हा भाषेचा कल आहे, नियम नव्हे.

‘पेड’ म्हणजे पाय, हे पेडल आणि पेडेस्ट्रियनपुरतं खरं, ते लॅटिन. मिरजेत दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘पीडिअ‍ॅट्रिशियन’, म्हणजे बालरोगतज्ज्ञ, वाचा. तो शब्द ‘लहान मूल’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. अमेरिकी स्पेलिंगमध्ये मधला ‘ए’ गळला आणि दोघांची तोंडं सारखी झाली.

राहिला ‘वेळ वाचतो’ हा दावा. वाचवायचाच असेल तर सुरुवातीची अक्षरं झाकून उरलेला शब्द एकटा उभा राहतो का ते बघा. ‘अनहॅपी’त ‘हॅपी’ उरतं, ‘अंकल’मध्ये काहीच उरत नाही. ‘इनव्हॅल्युएबल’सारखे शब्द या चाळणीतूनही निसटतात, त्यांच्यासाठी डिक्शनरीच उघडायची.