ताई, तेवढं ऑनलाइन करून घ्या

तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे तुमचा जन्म गेला असेल, तर हे वाक्य एव्हाना तुमच्याही कानावर पडलं असेल. 'तेवढं' म्हणजे किती, हे विचारायचं नसतं. तेवढं म्हणजे कपाटांतली सगळी पुस्तकं, आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमांकानं चढतं त्या दाखल नोंदवहीचे सुटलेल्या शिवणीचे खंड, सभासदांचे अर्ज, अनामतीच्या पावत्या आणि बाइंडिंगला गेलेली ती मासिकं, जी अजून तिकडेच आहेत. कार्यकारिणीत ठराव मांडला गेला, सूचक-अनुमोदक मिळाले, वर चहा झाला, की ग्रंथालय निम्मं ऑनलाइन झालं असं समजावं. उरलेलं निम्मं तुमच्याकडे.

घाबरू नका, प्रशिक्षण मिळतं. एका दिवसाचं असतं आणि जिल्ह्याच्या गावी असतं, तेव्हा सकाळची पहिली एसटी पकडा. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि 'वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे' या विषयावरची तीन भाषणं जेवणापर्यंत आटोपतात. जेवणानंतर मूळ विषय. लॅपटॉप एकच, तोही व्याख्यात्यांचा. ते पडद्यावर 'टेस्ट बुक' नावाच्या पुस्तकाची नोंद दीड मिनिटात करून दाखवतात. पुस्तक इंग्रजी, लेखक 'एबीसी', पानं शंभर. मराठी पुस्तकाचं कसं करायचं, हे मात्र विचारू नका. विचारणाऱ्या बाईंमुळे सगळ्यांची परतीची गाडी चुकते. प्रमाणपत्र घ्या, त्यावर आपलं आडनाव चुकलेलं आहे याची खात्री करून घ्या आणि ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेत उभ्या राहा. अहवालात तुम्ही आता प्रशिक्षित.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, यावर डोकं शिणवू नका. कोहा नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या वाचनालयांनी ते १९९९ मध्ये करवून घेतलं, कारण त्यांची जुनी यंत्रणा २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. पुढे त्यांनी ते साऱ्या जगाला मोकळं करून दिलं. आपल्याकडे एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, तेही आहेच. यातला 'फुकट' एवढाच शब्द खजिनदारांच्या लक्षात राहतो. सर्व्हर, बॅकअप, नेटचं बिल, इन्व्हर्टरची बॅटरी आणि अडलं की धावून येणारा मुलगा यांतलं काहीही फुकट नसतं. पण ती माहिती वार्षिक सभेपर्यंत तुमच्यापाशीच ठेवा.

आता नोंदी. कमिटीला दाखवताना यंदा छापलेलं कोरं पुस्तक हातात घ्या. मागच्या बाजूचा ९७८ ने सुरू होणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टाका, नाव-लेखक-प्रकाशक आपोआप आले तर टाळ्या पडतात. खाकी कव्हरातलं १९५८ चं पुस्तक त्या दिवशी कपाटाबाहेर काढू नका. आयएसबीएन ही पद्धतच १९७० च्या सुमाराची, आणि आपली निम्मी कपाटं त्याआधीची. ती सगळी तुम्हीच टाइप करायची आहेत. एक्सेलमध्ये करत असाल तर आणखी मजा: तो तेरा आकडी नंबर एक्सेलला लांबलचक वाटतो, म्हणून तो त्याचं '९.७८ ई अधिक १२' करून टाकतो. दाखल अंक ००४५१ लिहिलात तर पुढची शून्यं गिळतो. ५/१२ लिहिलंत तर ती तारीख आहे असं तुम्हालाच बजावतो. त्याच्याशी वाद घालू नका, तो कमिटीवर नाही.

मराठीची गंमत तर पुढेच आहे. आधीच्या ग्रंथपालांनी कधीकाळी पाच-सहा हजार नोंदी जुन्या फॉन्टात करून ठेवल्या असतील, तर त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये कंस, टक्के, उद्गारचिन्हं आणि रोमन अक्षरांच्या रूपात उघडतील. सचिव म्हणतील, 'डेटा तर आहे ना?' हो म्हणा. डेटा आहेच.

नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, केल्या असतील तर प्रश्न मिटला, असं कोणी म्हणालं तर त्या माणसाला 'साताऱ्याचा इतिहास' शोधायला बसवा. त्यातला तो रफार नसलेला, अर्धचंद्रासारखा 'र' दोन प्रकारे टाइप होतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ती वेगवेगळी अक्षरं. तुम्ही एका पद्धतीनं नोंद केलीत आणि वाचकानं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, तर सॉफ्टवेअर शांतपणे सांगतं: एकही पुस्तक सापडलं नाही. पुस्तक तिथेच, तुमच्या डोळ्यांसमोर, खालून दुसऱ्या फळीवर. 'ॲ'चंही तेच. यावर काही सॉफ्टवेअरांत उपाय आहेत, पण ते 'टेस्ट बुक'ला लागत नसल्यामुळे प्रशिक्षणात येत नाहीत.

लेखकांचीही नावं एकदा नीट लावून घ्या म्हणतात. कशाला? वि. वा. शिरवाडकर नाटकं लिहितात आणि कुसुमाग्रज कविता करतात, दोघं वेगळे राहू द्या. टिंब देऊन एकदा, टिंबाशिवाय एकदा आणि आडनाव आधी घेऊन एकदा, असं केलं की शिरवाडकर आणखी तिघे होतात. वार्षिक अहवालात 'लेखकसंख्येत लक्षणीय वाढ' असं बिनदिक्कत लिहिता येतं.

एवढं झाल्यावर वही बंद करण्याचा मोह होईल. मुळीच करू नका. तपासणीला येणारे साहेब कॉम्प्युटरकडे कौतुकानं बघतात आणि मग दाखल नोंदवही मागतात, पानोपानी सही-शिक्क्यासह. म्हणजे पुस्तक आलं की वहीत चढवा, मग संगणकात चढवा, मग संगणकातल्याची प्रिंट काढून फायलीला लावा. देवघेवही तशीच: आधी कार्डावर, मग तारीखपत्रकावर, मग स्कॅनरनं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यात चौथं सूत्र आहे वाचकाचा वेळ वाचवा. वाचक दारात ताटकळला असेल तर त्याला हे सूत्र वाचायला द्या. १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, तसबिरीला हार घालून फोटो सरकारी पोर्टलवर चढवायचा असतोच. तो दोनशे केबीच्या आत बसवा, नाहीतर ग्रंथपाल दिन झाला असं धरत नाहीत.

पोर्टलचा ओटीपी मागच्या सचिवांच्या मोबाइलवर जातो. ते सध्या मुलाकडे टोरांटोला आहेत. तुम्ही दुपारी बाराला लॉगिन केलंत तर तिथं रात्रीचे अडीच वाजलेले असतात. ओटीपी दहा मिनिटंच चालतो. तेव्हा अर्जाची शेवटची तारीख बघून सचिवांच्या झोपेचं वेळापत्रक तेवढं विचारून ठेवा.

पगाराचा विषय मनात आणू नका, त्यानं टाइपिंगचा वेग कमी होतो. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि २०२२ मध्ये तर अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं. सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. त्यातले निम्मे पगारासाठी धरले तर महिन्याला दोन हजार. एवढ्या पैशांत मोबाइलचा रिचार्ज बसतो, आणि वाचनालयाचं नेट बंद असताना तुमच्याच मोबाइलचा हॉटस्पॉट चालू असतो, हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. ज्या दिवशी सॉफ्टवेअर खरोखर नीट चालू होईल, त्या दिवशी सावध राहा. ते कोणाचं तोंड बघत नाही. मुदत उलटून गेलेल्या सभासदांना ते आपण होऊन मेसेज पाठवतं, आणि पहिला मेसेज अध्यक्षांना जातो. अकरा पुस्तकं, त्यातला एक तीन खंडांचा कोश, आणि दंडाची रक्कम आजीव वर्गणीपेक्षा जास्त. ती पुस्तकं त्यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात किती छान दिसतात, हे तुम्ही हळदीकुंकवाला पाहिलेलं आहे. वहीच्या काळात आपण ते पान अलगद उलटत होतो.

तर मेसेज जायच्या आत सेटिंगमध्ये जा. सभासदांचे प्रकार जिथे ठरवतात तिथे 'पदाधिकारी' असा नवा प्रकार करा. दंड: शून्य. स्मरणपत्र: नाही. मुदत किती दिवस, या चौकटीत नऊचे आकडे भरत चला, चौकट नाही म्हणेपर्यंत. मग 'जतन करा' दाबा आणि कमिटीला कळवा, की वाचनालय पूर्णपणे ऑनलाइन झालं.