‘गोळ्या थांबवा, साखर उतरेल’ : फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांपासून बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : ‘तुमची साखर भाताने किंवा गुळाने वाढत नाही, ती इतर आजारांच्या गोळ्यांनी वाढते. कोलेस्टेरॉलची गोळी मधुमेह देते, बीपीची गोळी तो वाढवते, खोकल्याचे औषध म्हणजे नुसती साखर. या साऱ्या गोळ्या पंधरा दिवस थांबवा, वनौषधींचे चूर्ण घ्या आणि उपाशीपोटीची साखर तपासा.’ शहापूरच्या औषध दुकानात मी बावीस वर्षे काम करतो. हा संदेश मोबाइलवर उघडून ‘यातली कुठली बंद करू?’ असे विचारणारे बहुतेक साठीपुढचे असतात. त्यांच्या हातातली चिठ्ठी कन्नडात किंवा इंग्रजीत असते. ‘ऊट आद मेले’ म्हणजे जेवल्यानंतर, एवढे त्यांना ऐकून पाठ झालेले असते आणि गोळी कशाची हे ते रंगावरून ओळखतात. आपल्या भाषेत आलेला मजकूर त्यांना जवळचा वाटणारच, म्हणून त्यातल्या प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दलच्या विधानात सत्याचा अंश आहे आणि तो मी लपवणार नाही. स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनी रक्तातली साखर किंचित वाढते. 2010 साली 13 चाचण्यांतल्या 91 हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे 9 टक्क्यांनी जास्त आढळले. आकडा मोठा वाटतो. पण त्याचा अर्थ असा की 255 जणांनी चार वर्षे गोळी घेतली, तर त्यांच्यात मधुमेहाचा एक रुग्ण वाढतो. ज्याला मधुमेह आधीच आहे त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो, कारण त्याला खरी भीती हृदयविकाराची आणि पक्षाघाताची आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, केवळ मधुमेहींवर केलेल्या चाचणीत 10 मिलिग्रॅम अॅटोरव्हास्टॅटिनमुळे अशा गंभीर घटना 37 टक्क्यांनी कमी झाल्या. साखर थोडी वर गेली तर शुगरच्या गोळीचे प्रमाण बदलता येते, झटका येऊन गेल्यावर मात्र हृदयाचा मेलेला भाग परत मिळत नाही.

‘बीपीची गोळी’ असे एकच औषध नसते, आणि संदेशाची मोठी चूक इथेच आहे. लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटातल्या गोळ्यांनी शरीरातले पोटॅशियम उतरते आणि त्यामुळे इन्शुलिन कमी स्रवून साखर काहीशी वाढू शकते; कमी मात्रेत हा परिणाम बहुधा किरकोळ असतो. अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन यांनी साखर वाढत नाही. अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांचा मोठा धोका तर उलट्या बाजूचा आहे. साखर फार उतरली की छाती धडधडते आणि हात थरथरतात. ही शरीराची हाक या गोळ्या दाबून टाकतात. घाम मात्र दाबला जात नाही. म्हणून या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहीला कारण नसताना दरदरून घाम फुटला, तर आधी साखर तपासावी, आणि ती 70 च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. आपल्याकडे अशा वेळी घरात असलेला कुंदा तोंडात घालतात. त्यातल्या खव्याच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते, म्हणून साधे साखरपाणीच बरे.

खोकल्याच्या औषधाचा मुद्दा फारसा थांबण्याजोगा नाही. औषध नुसता साखरेचा पाक असला तरी पाच मिलिलिटरच्या चमच्यात चार ग्रॅमच्या आसपास साखर मावेल, म्हणजे चहातल्या एका लहान चमच्याएवढी. बिनसाखरेचे औषध मिळते, ते मागून घ्यावे.

साखर खरोखर उसळवणाऱ्या औषधाचे, म्हणजे स्टिरॉइडचे, नाव मात्र संदेशात कुठेच नाही. दमा, संधिवात, त्वचेचे विकार यांसाठी प्रेडनिसोलोन देतात, दुखऱ्या गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. या औषधाने यकृत जास्त साखर रक्तात सोडते आणि स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, काळ्या बुरशीने जे रुग्ण दगावले किंवा डोळा गमावून बसले त्यांच्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड ही जोडी वारंवार दिसली. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा परिणाम दुपारी आणि संध्याकाळी चढतो, पहाटेपर्यंत ओसरतो. खानापूर तालुक्यातल्या एक आजी दम्यासाठी ही गोळी घेत होत्या. त्यांच्या वहीत उपाशीपोटीची साखर 128 होती आणि दुपारी चारला मी दुकानात तपासली तेव्हा 342. ‘उपाशीपोटीची साखर तपासा’ हा संदेशातला सल्ला त्यांना रोज सकाळी खोटा दिलासा देत राहिला असता. गुडघ्यातल्या इंजेक्शननंतरही काही दिवस साखर चढी राहते, म्हणून त्या दिवसांत दुपारची नोंद ठेवावी. पण संदेशाच्या सांगण्यावरून स्टिरॉइड एकाएकी थांबवणे प्राणावर बेतू शकते. तीनेक आठवड्यांहून अधिक काळ ते घेतले की शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, तयार होणे मंदावलेले असते. गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळतो, माणूस बेशुद्ध पडतो. मात्रा डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने उतरवायची असते.

सगळ्या गोळ्या साखर वाढवतात हे गृहीतक तर साफ चुकीचे आहे, कारण काही तिला धोकादायक रीतीने खाली आणतात. साखर अचानक चढवणारे आणि उतरवणारे गॅटिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक पोटात किंवा इंजेक्शनाने देण्यावर भारतात 2011 मध्ये बंदी आली. त्याच कुळातले लेव्होफ्लॉक्सासिन आजही सर्रास लिहून दिले जाते. लघवीच्या जळजळीवर दिले जाणारे कोट्रायमोक्साझोल हे ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाच्या पोटात गेले, आणि त्यात तापामुळे जेवण तुटले, तर साखर घसरून माणूस बरळू लागतो. घरचे त्याला तापातली बडबड समजतात.

राहिले चूर्ण. ‘वनौषधी असल्यामुळे अपाय नाही’ असे संदेश म्हणतो. मधुमेहावरच्या ‘नैसर्गिक’ उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिन ही शुगरचीच औषधे मिसळलेली आढळल्याचे इशारे अनेक देशांच्या औषध नियंत्रकांनी दिले आहेत, आणि सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड सापडलेले आहे. आठवडी बाजारातून आणलेल्या पुडीवर ना घटक असतात, ना मात्रा, ना बनवणाऱ्याचा पत्ता. चार दिवसांत गुडघा मोकळा झाला आणि त्याच सुमारास साखर चढली, तर मला त्या पुडीचाच संशय येतो. डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ असे विचारल्यावर चूर्णाचे नाव सांगितले जात नाही, कारण ते औषध वाटतच नाही. अशी पुडी महिनोन्महिने चालू असेल तर तीही परस्पर बंद करू नये, आत स्टिरॉइड असण्याची शक्यता असते. उरलेली पुडी आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून साखरेच्या वहीसह डॉक्टरांपुढे ठेवावीत.