डॉबरमनची जीन टेस्ट क्लिअर आली म्हणून हृदय निरोगी ठरत नाही

डॉबरमन पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय: ‘आई-बापाची जीन टेस्ट क्लिअर असली की पिल्लाला डीसीएम (डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, हृदयाचा एक आजार) होत नाही. पॉझिटिव्ह कुत्र्यांचं ब्रीडिंग बंद करा, आजार संपेल. कुत्रं धावतंय-खेळतंय तोवर बाकी तपासण्या कशाला? इलाज तर नाहीच.’

पहिला दावा सगळ्यात घातक. डीसीएममध्ये हृदयाचा स्नायू कमजोर होतो, कप्पे फुगतात, ठोके बिघडतात. २०१२ साली अमेरिकेतल्या डॉबरमनमध्ये पीडीके४ या जनुकातला बदल या आजाराशी जोडला गेला आणि त्यावर टेस्ट निघाली. पण युरोपातल्या डॉबरमनमध्ये तो संबंध आढळला नाही. पुढे टीटीएन जनुकातला आणखी एक बदल सापडला, तरी कोडं सुटलं नाही. दोन्ही बदल नसलेली कुत्रीही आजारी पडतात आणि बदल असलेली काही म्हातारपणापर्यंत ठणठणीत राहतात. टेस्ट क्लिअर म्हणजे दोन ज्ञात धोके नाहीत, एवढंच.

‘पॉझिटिव्ह सगळी बाद करा’ हेही तितकंच अविचारी. या जातीत जनुकीय वैविध्य आधीच फार कमी उरलंय. एका जनुकापायी मोठा गट बाजूला काढला, तर उरलेल्यांत नात्यातली जोडी लावणं वाढेल आणि लपलेले दुसरे दोष वर येतील.

धावणाऱ्या कुत्र्याचं म्हणाल तर हा आजार कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं बाहेर काहीच दाखवत नाही. काही कुत्र्यांत पहिलं लक्षण म्हणजे अचानक मृत्यू. स्टेथोस्कोपने पाच मिनिटं ऐकून हे कळणार नाही. चोवीस तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर बांधून ठोके नोंदवणारं यंत्र) ३००पेक्षा जास्त अवेळी ठोके दिसले, तर इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल असूनही तज्ज्ञ डीसीएमचं निदान करतात. उलट काहींत आधी इकोच बिघडतो. म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात, तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी. युरोपात ४१२ डॉबरमनवर झालेल्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण प्रादुर्भाव सुमारे ५८ टक्के निघाला आणि वय वाढेल तसं प्रमाणही वाढत गेलं. दोन वर्षांच्या नराचा स्वच्छ रिपोर्ट दाखवून पिल्लं विकली जातात, याचा मला खरंच राग येतो. आजार दिसेपर्यंत त्या नराची कितीतरी पिल्लं घरोघरी गेलेली असतात. त्यापेक्षा आजी-आजोबा किती वर्षं जगले आणि कशाने गेले, हे विचारा.

राहिला इलाज. आजार बरा होत नाही, हे खरं. पण २०१२च्या एका चाचणीत, हृदय मोठं झालेल्या पण अजून लक्षणं नसलेल्या डॉबरमनना पिमोबेंडान हे हृदयाचं औषध दिलं गेलं. हार्ट फेल्युअर किंवा अचानक मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ औषध घेणाऱ्यांत ७१८ दिवस होता, न घेणाऱ्यांत ४४१. हे जास्तीचे नऊ महिने वेळेवर इको झालेल्या कुत्र्यालाच मिळू शकतात.