दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या कॅमेरा-साहित्याच्या दुकानाला दिलेला दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. ऐन लग्नात खांद्यावरचा रिग (कॅमेरा खांद्यावर पेलण्याची चौकट) सारखा पुढे झुकत राहिला, मनगट भरून आले आणि अंतरपाट दूर होतानाचे चित्रण हलले, असे आपण लिहिले आहे. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आमचे दुकान लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांच्याच जिवावर चालते, त्यामुळे तो क्षण पुन्हा घेता येत नाही याची जाणीव आम्हाला आहे.

मात्र ‘दुकानदाराने चुकीचा रिग गळ्यात मारला’ हे आपले वाक्य मनाला फार लागले. आजकाल गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी तारे मोजते, आणि अशा एका वाक्यामुळे दारातून परत जाणारी माणसे आम्हाला दिसतही नाहीत. म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी काय ठरले ते सविस्तर लिहितो. थोडे लांबेल, तेवढे सांभाळून घ्यावे.

आपण कॅनन ८०डी आणि त्यावर १८-१३५ एसटीएम लेन्स घेऊन आला होता. बॅटरीसह कॅमेरा साधारण ७३० ग्रॅमचा आणि लेन्स ४८० ग्रॅमची, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. त्यावर आपल्याला वरचे हँडल, माइक, पाच इंची मॉनिटर आणि मॉनिटरची जाड बॅटरी हवी होती. हे सगळे मिळून दोन किलोच्या घरात जाते आणि ते खांद्यावर नसून खांद्याच्या पुढे, जवळजवळ वीतभर अंतरावर लटकलेले असते. खांद्यावरचा फोमचा पॅड हा फक्त टेकू आहे. पुढच्या भाराला मागून उत्तर मिळाले नाही, तर तो भार दोन्ही मुठींनी वर उचलून धरावा लागतो आणि तासाभरात मनगट बोलू लागते. कावडीची मागची घागर उतरवून ठेवली आणि पुढची तशीच ठेवली तर चालणाऱ्याचे जे होईल, तेच येथे होते. याचसाठी रिगच्या रॉडच्या, म्हणजे आडव्या नळ्यांच्या, मागच्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे समतोल साधणारे वजन, लावतात.

ते काउंटरवेट आम्ही आपल्याला दाखवले होते, लावून दिले होते आणि आपण ते खांद्यावर घेऊन दुकानात दोन चकरा मारल्या होत्या. दोन्ही हात सोडल्यावरही रिग जागेवर राहतो हे पाहून आपल्यासोबतचे मित्र ‘हे झकास आहे’ असे म्हणाले होते. त्यानंतर बिल होताना ‘या लोखंडी गोळ्याचे वेगळे पैसे कशाला?’ असे आपण विचारले आणि ते वगळायला सांगितले. आमच्याकडच्या बिलाच्या कार्बन प्रतीवर काउंटरवेटची ओळ निळ्या पेनाने खोडलेली आहे आणि एकूण रकमेचा आकडा त्याखाली पुन्हा लिहिलेला आहे. आपल्याकडची मूळ प्रत कृपया एकदा काढून पाहावी. आपल्या खिशाला काय परवडते हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे आपला आहे आणि त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. पण ज्या वस्तूवाचून रिग पुढे झुकणार हे तोंडी सांगून झाले होते, ती वगळल्यावर रिग पुढे झुकला याचा दोष दुकानाच्या माथी यावा, हे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. वजन घ्यायचे नसेल तर निदान मॉनिटरची बॅटरी वायरने मागच्या रॉडवर न्यावी, म्हणजे पुढचा भार कमी होऊन मागचा वाढेल, असेही आम्ही सुचवले होते. त्या वेळी आपण फोनवर होता, त्यामुळे ते कदाचित नीट ऐकू गेले नसावे.

आपल्या यादीतल्या दोन वस्तू आम्ही दिल्या नाहीत आणि ‘ग्राहकाला अडाणी समजून ज्ञान पाजळले’, असाही आपला आक्षेप आहे. त्या दोन वस्तू म्हणजे फॉलो फोकस (लेन्सची फोकस रिंग बाजूच्या चकतीने फिरवण्याचे साधन) आणि मॅट बॉक्स (लेन्सच्या तोंडापुढे रॉडवर बसणारी, ऊन अडवणारी आणि चौकोनी फिल्टर धरणारी पेटी). आपल्या एसटीएम लेन्सची फोकस रिंग आतल्या काचा थेट हलवत नाही. ती मोटरला इशारा देते आणि मोटर काचा हलवते. ही रिंग दोन्ही टोकांना कुठेही अडत नाही, नुसती फिरत राहते. अशा लेन्सवर दातेरी पट्टा चढवून फॉलो फोकस बसवला, तरी त्याच्या पांढऱ्या चकतीवर केलेली खूण पुढच्या वेळी नेमकी तीच जागा दाखवेल याचा भरवसा नसतो. फॉलो फोकस घ्यायचा तो त्या खुणेसाठीच. उलट आपल्या कॅमेऱ्यात ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आहे, म्हणजे कॅमेरा नवरीचा चेहरा ओळखून फोकस आपोआप, सावकाश आणि न धडपडता तिथे नेतो. पदरचे काही हजार खर्चून ही सोय बंद करून ठेवू नका, एवढेच आमचे म्हणणे होते. पुढे आपण दुसरीकडून फॉलो फोकस घेतला आणि ‘तो आमच्या रिगवर नीट चालत नाही’ असे लिहिले. रॉड १५ मिलिमीटरचे आणि मध्यापासून मध्यापर्यंत ६० मिलिमीटर अंतराचे, म्हणजे सर्वमान्य मापाचे आहेत, त्यामुळे त्या मापाचा कोणाचाही क्लॅम्प त्यावर बसतो. अडचण लेन्सची आहे आणि ती कुठल्याही दुकानाच्या रिगवर तशीच राहील.

मॅट बॉक्सचेही तेच. झूम करताना आपल्या लेन्सचे तोंड पुढे सरकते, शिवाय मॅट बॉक्समध्ये घालायच्या चौकोनी काचा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. दुपारच्या उन्हात सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात शटर १/५० सेकंद ठेवायचे तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, हवाच, पण आपल्या लेन्सला ६७ मिलिमीटरचा स्क्रूचा फिल्टर थेट बसतो आणि तोच आम्ही दिला. जास्त पैसे काढण्याचा हेतू असता, तर दोन्ही वस्तू हसतमुखाने बांधून दिल्या असत्या. नको असलेली वस्तू न विकणाऱ्या दुकानदाराला ‘लुटारू’ म्हणावे, याचे मात्र नवल वाटले.

मॉनिटर ‘जबरदस्तीने’ दिला, याविषयी थोडक्यात सांगतो. डीएसएलआरमध्ये व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जातो आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर काळा होतो. रिग खांद्यावर घेतल्यावर कॅमेऱ्याचा मागचा पडदा नाकासमोर इतका जवळ येतो की फोकस आहे की नाही ते कळत नाही. म्हणून मॉनिटर लागतो. हातात धरून शूटिंग करायचे असेल, तर तो मुळीच लागत नाही. आणि नुसता केज (कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट), वरचे हँडल व मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या, लग्नाच्या गर्दीत तेच सुटसुटीत पडते, असा आमचा पहिला सल्ला होता. खांद्यावरचाच रिग हवा हा आग्रह आपला होता.

ऑनलाइन हाच रिग स्वस्त मिळतो, हे खरे आहे. आमची किंमत जीएसटीसह पक्क्या बिलाची आणि रिग जोडून, समतोल साधून देण्याची आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी अवश्य ऑनलाइन घ्यावे.

आता पैसे परत न देण्याविषयी. आपण रिग परत आणला तेव्हा खांद्याच्या काळ्या फोमवर हळदीचे पिवळे डाग होते आणि एका रॉडवर ओरखडे पडले होते. हळदीचा डाग फोममधून निघत नाही, आम्ही आपल्यासमोर ओल्या फडक्याने पुसून पाहिला होता. कार्यक्रमात वापरून झालेली वस्तू नवी म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणे आमच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून पॅडची किंमत वजा करून उरलेल्या रकमेची क्रेडिट नोट देऊ केली. ती आपण काउंटरवर ठेवून रिग परत घेऊन गेलात. ती नोट अजून गल्ल्यात जपून ठेवली आहे.

शनिवारी संध्याकाळी गर्दी असते आणि आपल्याला बराच वेळ थांबावे लागले, हे मान्य आहे. त्या वेळेपुरता आणखी एक जाणकार माणूस ठेवण्याचा विचार चालू आहे. तसेच सुचवलेला एखादा भाग ग्राहकाने वगळला, तर त्याची बिलावर लेखी नोंद करण्याच्या दृष्टीने काहीतरी व्यवस्था करू.

आपली पुढची तारीख जवळ असेल तर रिग घेऊन यावे. दुकानातले काउंटरवेट त्या कार्यक्रमापुरते विनामूल्य लावून देऊ, पटले तर विकत घ्यावे, नाही पटले तर परत करावे. आपण तारे वाढवावेत अशी आमची मागणी नाही. फक्त रिग काउंटरवेटशिवाय घेतला होता, एवढी एक ओळ आपल्या अभिप्रायात जोडावी, ही नम्र विनंती.

आपला,
दुकानाचा मालक

ता. क. : येताना कृपया शनिवार टाळावा. सोमवारी दुकान बंद असते.