फोडतोयस की सोलतोयस?

पाहुणे यायला अर्धा तास होता आणि सहा अंडी उकडून तयार होती. बेत साधा. अंडी मधोमध कापायची, बलक वर येईल अशी ताटलीत मांडायची, मीठ-मिरपूड भुरभुरायची. लहानशा स्वयंपाकघराला याहून स्वस्तात थाट करता येत नाही. एक शेगडी, एक पातेलं, बारा मिनिटं. अट एकच, अंडं अंगानं गुळगुळीत निघालं पाहिजे. माझं पहिलं अंडं निघालं ते देवी येऊन गेल्यासारखं. दुसऱ्याचा नखाएवढा पापुद्रा ओढला तर त्याच्याबरोबर पांढऱ्याचा लचका आला. तिसऱ्याचा बलक आतून डोकवायला लागला.

नेमके तेव्हा शेजारचे काका पान्हा परत द्यायला आले. काका कट्टर शाकाहारी. केकचा तुकडाही आधी चौकशी करून मगच तोंडात घालतात. अंड्याला त्यांनी आयुष्यात बोट लावलेलं नाही. त्यांनी पान्हा दिला नाही, तो हातात धरून स्टूल ओढलं आणि स्वयंपाकघराच्या दारात बसले.

"फोडतोयस की सोलतोयस?"

"सोलतोय."

"असं होय."

या "असं होय"चा राग अजून गेलेला नाही.

"अंडी ताजी दिसतात," काका म्हणाले. मला वाटलं, कौतुक चाललंय. "आजच आणलीत, एकदम ताजी!" मी छाती काढून म्हणालो.

"मग भोग."

काकांनी पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे खडू नाही, फळा नाही, पण वर्ग कुठेही भरतो. पान्ह्यानं हवेत अंडं काढून त्यांनी सुरुवात केली. टरफलाला हजारो सूक्ष्म भोकं असतात. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि तो या भोकांतून हळूहळू बाहेर जातो. जसजसा तो जातो, तसतसं पांढरं अधिकाधिक अल्कधर्मी होतं. नव्या अंड्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, आठच्या आतबाहेर, जुन्याचा नऊच्या वर. "पीएच कमी असला की उकडताना पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरतं. जुनं अंडं सोडून देतं. वय झालं की माणसंही सोडून देतात."

"तुम्ही नाही सोडलेलं," असं मी मनात म्हणालो. तोंडानं, "मग ताजी आणायची नाहीत का?"

"तळायला ताजी. पांढरं घट्ट असतं, तव्यावर पसरत नाही. उकडायला आठवडाभर फ्रिजमध्ये मुरलेली."

आता ही तक्रार मी कोणाकडे न्यायची? लहानपणापासून ताजं, ताजं म्हणून आपल्या डोक्यात भरलेलं. भाजी ताजी, दूध ताजं. अंडीवाला तर "आजचीच आहेत" असं शपथेवर सांगतो आणि आपण त्याला दुवा देत घरी येतो. त्याच्याकडे "तळायची" आणि "सोलायची" अशा दोन टोपल्या का नसतात? टोमॅटोवालासुद्धा विचारतो, आजच करायचेत की दोन दिवसांनी. अंड्याच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकाला कोणी काही विचारत नाही, आणि नंतर तो भर दुपारी सिंकपाशी उभा राहून नखांनी खरवडत बसतो.

"पाणी आधी उकळलंस, की अंडी थंड पाण्यात ठेवून मग गॅस पेटवलास?"

"थंड पाण्यात."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टर एक्स-रे बघून असंच बाहेर बघतात.

"अरे, हळूहळू तापलं की पांढऱ्याला पापुद्र्याशी चिकटायला भरपूर सवड मिळते. पाणी खळखळत असताना अंडं सोडलं, तर बाहेरचा थर क्षणात आवळतो आणि सुटा राहतो. वरून टाकायचं नाही हां, तडकेल. डावानं सोडायचं, मग आच थोडी कमी करायची, म्हणजे अंडी एकमेकांवर आपटत नाहीत." पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर टाकल्यानं सोलणं सोपं होत नाही, हेही त्यांनी सांगितलं, तडा गेलाच तर बाहेर येणारं पांढरं पटकन गोठतं, एवढाच उपयोग. मी मीठ टाकलं होतं. मूठभर. त्याची वाच्यता केली नाही.

मिनिटं त्यांना तोंडपाठ होती. फ्रिजमधलं मध्यम आकाराचं अंडं उकळत्या पाण्यात सोडल्यापासून मोजायचं. सहा मिनिटांत बलक वाहता, आठ मिनिटांत मधासारखा, अकरा-बारा मिनिटांत पुरता घट्ट. त्याच्यापुढे रेंगाळलात तर बलकाभोवती हिरवट-करडी कड येते. पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती होते. खायला अपाय नाही, दिसायला मात्र आजारी. म्हणून वेळ झाली की अंडी सरळ बर्फाच्या पाण्यात घालायची आणि निदान दहा मिनिटं तशीच ठेवायची. शिजणं थांबतं, शिवाय आतला भाग थोडा आकसून टरफलापासून सुटतो.

"तू कशात घातलीस?"

"नळाखाली धरली."

"किती वेळ?"

"हाताला चटका बसेनासा होईपर्यंत."

काका काही बोलले नाहीत. पान्हा एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला.

मला राग कशाचा आला, ते सांगतो. माणूस चुकीचं सांगत असता तर हसून घालवता आलं असतं. पोहता न येणाऱ्यानं काठावरून "हात लांब टाक" म्हणावं आणि हात लांब टाकल्यावर आपण खरंच पुढे जावं, यासारखा अपमान नाही. चौथं अंडं मी त्यांच्या हुकुमाप्रमाणे सोललं. ओट्यावर ठेवून तळव्याखाली हलकंच फिरवलं, चहूकडे बारीक तडे जाईपर्यंत. मग जाड टोकाकडून सुरुवात, कारण हवेची पोकळी तिथे असते आणि पापुद्रा तिथेच सुटा मिळतो. निमुळत्या टोकाला नख घालण्यात माझी आजवरची उमर गेली होती. अंडं पाण्याच्या भांड्यात बुडवून सोललं की पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि टरफलाची पट्टीच्या पट्टी निघते. पट्टी निघाली. पांढऱ्याला दोनच खळ्या पडल्या. ताज्या अंड्याच्या मानानं हे विशेष प्रावीण्य.

"बरं झालं," काका म्हणाले. त्यांना वासानं मळमळत होतं, नाकाला रुमाल लावला होता, पण उठले नाहीत.

मोबाइलवर एक माणूस टरफलाच्या दोन्ही टोकांना भोकं पाडतो आणि एका बाजूनं फुंकतो. अंडं दुसरीकडून सुळकन बाहेर. लाखो लोक हे बघून टाळ्या पिटतात. त्या अंड्यात त्यानं स्वतःचा श्वास कोंबलाय आणि ते कोणीतरी खाणार आहे, हे एकाच्याही मनात येत नाही. घट्ट डब्यात घोटभर पाण्याबरोबर अंडं घालून हलवायची युक्ती निदान स्वच्छ तरी आहे. जुनी अंडी तिच्यात छान सुटतात, ताज्यांच्या मात्र चिंध्या होतात.

पाचवं बरं निघालं. सहावं पुन्हा बिनसलं. ताटलीत दोन अंडी मांडण्यासारखी, चार गुन्ह्याच्या पुराव्यासारखी. काकांनीच तोडगा सांगितला, "सगळी काट्यानं कुस्कर. बारीक कांदा, मीठ, मिरपूड, चमचाभर लोणी. भाजलेल्या पावावर पसर. मुद्दाम केलंय असं सांग." मी तसं केलं, तसंच सांगितलं, आणि पाहुण्यांनी कृती मागितली. बिघडलेल्या वस्तूचीच कृती लोक का मागतात?

पान्हा काकांनी परत नेला. द्यायलाच विसरले.

दुसऱ्या दिवशी मी सहा अंडी आणून त्यांच्यावर पेन्सिलीनं तारीख घातली आणि फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवून दिली. काल लिफ्टमध्ये काका भेटले. वरच्या मजल्यावरच्या बाई तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या.

"किती दिवसांची झाली?" काकांनी विचारलं.

"पाच."

"आठवडा होऊ दे. मग सरळ उकळत्या पाण्यात सोड."

बाईंनी बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं आणि एक मजला आधीच उतरल्या.