उभ्या झाडाचे पैसे मालकाला कोण देणार?

कोकणातलं बरंचसं रान खासगी मालकीचं आहे. धनेश पक्ष्याची ढोली असलेला जुना बेहडा ठेकेदाराच्या लेखी टनावारी लाकूड असतो, आणि मालकाला पैसे मिळतात ते झाड आडवं झाल्यावरच. पश्चिम घाटाच्या संरक्षणावरच्या २०११च्या गाडगीळ अहवालापासून आपण निर्बंध हवेत की नकोत यावरच भांडतोय. उभ्या झाडाच्या मोबदल्याचा प्रश्न मागेच राहतो.

इथे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात, त्यासाठी कॉन्झर्व्हेशन ईझमेंट आहे. जमीन मालकाचीच राहते. कसा, विका, मुलांच्या नावे करा. सोडायचा तो प्लॉट पाडण्याचा आणि बांधकामाचा हक्क, तोही कायमचा, जमीन जपणाऱ्या संस्थेच्या नावे नोंदणीकृत दस्त करून. समजा, १०० एकरांची किंमत १० लाख डॉलर आहे आणि दस्तानंतर ती ६ लाखांवर येते. मधले ४ लाख दान धरले जातात आणि त्यांच्या ४० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार डॉलर, राज्याच्या आयकरातून वळते होतात. लहान शेतकऱ्याला एवढा कर नसतोच, म्हणून ही सवलत दुसऱ्याला विकताही येते. मला हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं.

दस्ताआधी जमिनीचे नकाशे आणि फोटो तयार होतात. दरवर्षीची पाहणी त्यांच्याशी ताडून होते. जमीन गहाण असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यावी लागते, नाहीतर लिलावात ईझमेंटच उडते. गैरप्रकारही झाले. स्वस्तात जमीन घेऊन फुगवलेल्या मूल्यांकनावर कर बुडवणाऱ्या भागीदाऱ्या निघाल्या. शेवटी २०२२च्या केंद्रीय कायद्याने गुंतवणुकीच्या अडीच पटीहून जास्त असलेली अशी वजावट सर्वसाधारणपणे नाकारली.

हे जसंच्या तसं कोकणात चालणार नाही. आपल्या १८८२च्या सुविधाधिकार (ईझमेंट) कायद्यात असा हक्क दुसऱ्या एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठीच असावा लागतो. अशी जमीन नसलेल्या संस्थेला तो घेताच येत नाही. म्हणजे आधी कायद्यात दुरुस्ती, मग सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, त्यामुळे करसवलत देऊन उपयोग नाही. दरवर्षी रोख रक्कम खात्यात जमा व्हायला हवी.

सगळ्यात अवघड आहे तो सामाईक सातबारा. तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही मयत, वारसनोंदी रखडलेल्या. एकाने जरी आपला हिस्सा परस्पर विकला तर करार लटकतो. त्यामुळे सुरुवात वारसनोंदी आणि वाटपापासूनच करावी लागेल, आणि त्याचा खर्च योजनेनेच उचलायला हवा.