‘१८ झाली, आता आपलं आपण बघा’ म्हणणाऱ्यांना

‘‘फॉस्टर केअरमधल्या मुलांना १८ वर्षं सांभाळलं, पुरे झालं. पुढेही आधार दिला तर ती कायमची परावलंबी होतील. शिवाय योजना आहेतच की.’’ असा मजकूर बराच फिरतो आहे. (फॉस्टर केअर म्हणजे आपल्या घरी राहू न शकणाऱ्या मुलांना व्यवस्थेमार्फत दुसऱ्या कुटुंबात सांभाळणं.) त्यातला एकेक मुद्दा घेते.

१८ वर्षं सांभाळलं? कितीतरी मुलं दहाव्या-बाराव्या वर्षी, काही त्याहूनही उशिरा येतात. मग घर बदललं की शाळा बदलते, शेजार बदलतो, आणि दरवेळी काही माणसं मागे सुटतात.

आधाराने परावलंबी होतात का, हे तर तपासून झालेलं आहे. अमेरिकेत मार्क कोर्टनी आणि सहकाऱ्यांनी इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि आयोवातल्या अशा मुलांचा १७-१८ पासून २६ व्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. इलिनॉयमध्ये २१ पर्यंत राहायची मुभा होती. बाकी दोन राज्यांत बहुतेकांना १८ च्या आसपासच बाहेर पडावं लागे. कॉलेजात जाण्यात इलिनॉयची मुलं पुढे होती. ज्यांना थोडं थांबू दिलं, ती शिकायला जास्त गेली.

योजना आहेत, हे खरं. भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ प्रमाणे संस्थेतून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मदत देता येते. इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्याने अशा मुलांपैकी मागेल त्याला २५ व्या वर्षापर्यंत सल्लागार मिळतो. हे सगळं हवंच, पण मला घोर आहे तो माणसांचा.

निघण्याआधी मुलांकडून एक नकाशा काढून घेतात. मधोमध स्वतःचं नाव, भोवतीच्या वर्तुळांत आपली माणसं. पुष्कळदा कागद भरलेला दिसतो: केस बघणारी ताई, समुपदेशक, सध्याचे पालक. मग विचारावं, ‘‘वाढदिवसानंतर यातलं कोण तुझा फोन उचलेल?’’ पेन एकेका नावावर थबकतं. कारण यातली बहुतेक नाती कामाची असतात, आणि ते काम त्याच तारखेला संपतं. बँकेचं खातं, स्वयंपाक, नोकरीचा अर्ज आपण हौसेने शिकवतो. हा कागद मात्र फायलीत जातो.

तो १६ व्या वर्षीच बाहेर काढायला हवा. ताटातूट झालेली बहीण, जुन्या शाळेतल्या बाई, आधीच्या घरातल्या काकू यांना शोधून स्पष्ट विचारायला हवं: ‘‘रात्री दोनला ताप चढला, तर हिने तुम्हाला फोन केलेला चालेल का?’’ काही जण नाही म्हणतील. तेव्हा दुसरं कुणी शोधायला हाताशी दोन वर्षं असतील, आणि तिच्या बाजूने फोन फिरवणारी ताईही अजून कामावर असेल.